माझ्यावर राज्य नसताना

रविवारी सकाळी पावाच्या कडा नेहमीसारख्या कापून बशीच्या एका बाजूला रचताना माझा नवरा म्हणाला, "आज राज्य मी घेतो." मग तो पुन्हा पावाकडे वळला. आमच्या घरात याहून मोठी घोषणा होत नाही. त्याच्या हातून कप फुटला तर आधी तो तुकडे गोळा करतो, केरात टाकतो, फरशी पुसतो, आणि संध्याकाळी कधीतरी, विषय निघाला तर, कप फुटल्याचं सांगतो. माझी धाकटी बहीण त्याला तोंडावर भाऊजी म्हणते आणि पाठीमागे घुम्या. त्याला दोन्ही माहीत आहे आणि दोन्ही चालतं. मी अगदी सहज "घे की" म्हटलं, चहात साखर घातली, ढवळली, एक घोट घेतला, आणि मग माझ्या लक्षात आलं की मी गेली सहा वर्षं चहात साखर घेत नाही.

राज्य म्हणजे काय ते सांगायला हवं, नाहीतर आमच्या घरी काही कट शिजतोय असं वाटायचं. लहानपणी लपाछपीत ज्याला सगळे चुकवतात, ज्याने भिंतीकडे तोंड करून आकडे मोजायचे आणि मग एकट्याने सगळ्यांना हुडकत फिरायचं, त्या बिचाऱ्यावर राज्य आलं असं आपण म्हणतो. शिक्षेला राज्य म्हणणारी माणसं आपण. आमचा रविवारचा खेळ टेबलावरचा. पट नाही, सोंगट्या नाहीत. कागद, पेन्सिली, आणि एक वीस बाजूंचा फासा, जो दर दोन आठवड्यांनी सोफ्याखाली सापडतो. तिघं जण प्रत्येकी एक माणूस होतात, कोणी कुऱ्हाडवाला, कोणी चोर, कोणी भोंदू वैद्य, आणि माझा माणूस असं करतो, तसं करतो म्हणून सांगतात. चौथा मात्र कोणीच होत नाही. तो उरलेलं सगळं होतो. पाऊलवाटा, राजे, वासरं, वारा, खानावळवाले, खानावळवाल्याची नाराज बायको, सगळं एकटा. समोर पुठ्ठ्याचा आडोसा उभा करून त्यामागे नकाशे लपवतो, आणि कोणी काय केलं तर काय होतं ते सांगतो. हे राज्य. ते गेली अकरा वर्षं माझ्यावर आहे. सुरुवातीला दर महिन्याला पाळी बदलायची असं ठरलं होतं. पहिला महिना कधी संपला ते मला आठवत नाही, आणि इतरांनी कधी आठवण करून दिली नाही. आम्ही रविवारी दुपारी बसतो, असं मी एकदा कामावर सांगितलं तर हाताखालची मुलगी माझ्याकडे अशी बघायला लागली, जसं काही आम्ही बाटल्या घेऊनच बसतो.

सकाळी मला खरं म्हणजे हायसं वाटायला हवं होतं. अकरा वर्षं जिवाचा आटापिटा करून मी दर शनिवारी गावं वसवली आणि दर रविवारी या तिघांनी ती जाळली. पण वाटलं नाही, आणि का नाही ते मला लगेच कळलं. घुम्या बोलणार होता. तीन तास, सलग, तीन माणसांसमोर, आणि मी तिथेच, हाताच्या अंतरावर, तोंड घेऊन बसलेली असणार होते. माझ्या तोंडाची मला खात्री नाही. एकोणीस वर्षांत या माणसाने माझ्यासमोर सुरू केलेली किती वाक्यं त्याने स्वतः संपवली असतील, याचा मी भांडी विसळताना हिशेब करायला घेतला आणि चौथ्या भांड्याला सोडून दिला. आज त्याला एक अख्खी गोष्ट संपवायची होती. मी मध्ये पडले तर तो चिडणार नाही, हीच भानगड आहे. चिडणाऱ्या माणसाशी निदान भांडता येतं. हा नुसता मान डोलावेल, "हो, तेच," म्हणेल, आणि पुन्हा कधी राज्य मागणार नाही. मरेपर्यंत नाही. त्याला मी ओळखते.

त्यात माझा सगळाच दोष नाही, थोडा धंद्याचाही आहे. मी रुग्णवाहिकांच्या नियंत्रण कक्षात पाळीप्रमुख आहे. खिडकी नसलेली खोली, आठ टेबलं, भिंतीवर शहराचा उजळलेला नकाशा आणि त्यावर सरकणारे हिरवे ठिपके. प्रत्येक ठिपका म्हणजे एक गाडी, दोन माणसं, एक स्ट्रेचर. फोनवरची माणसं वाक्यं पुरी करत नाहीत. "माझे बाबा, ते पायरीवरून," एवढं म्हणतात आणि पुढे नुसता श्वास. मग आम्ही पुरं करायचं, पडले का, शुद्धीत आहेत का, तुम्ही आत्ता कुठे उभे आहात. समोरचा चार सेकंद गप्प झाला तर काहीतरी बिघडलं असं समजायचं आणि बोलायचं, हा नियम मीच नव्या मुलींना शिकवते. बावीस वर्षांत मी या शहराच्या प्रत्येक गल्लीत माणसं पाठवली आहेत आणि त्यातल्या बहुतेक गल्ल्या मी पाहिलेल्या नाहीत. उंटावरून शेळ्या हाकणे म्हणतात ते हेच, फक्त माझ्या शेळ्या वेळेवर पोचतात. आणि नवऱ्याचं काम नेमकं उलटं. तो कान तपासतो. ध्वनिबंद खोलीत माणसाला बसवायचं, काचेच्या पलीकडून एकेक बारीक आवाज सोडायचा, आणि ऐकू आला की बोट वर करा म्हणून सांगून वाट बघायची. दिवसभर वाट बघायची. एकदा एका आजोबांनी बोट वर करायला इतका वेळ लावला की त्याला वाटलं आजोबा पेंगले. ते आवाज कुठल्या सुराचा आहे ते ठरवत होते. हे तो मला सांगायला लागला तेव्हा मी खूप हसले. आता आठवतं, की "ते आजोबा नुसते" इथवर तो आला होता आणि "झोपले होते" हे मीच म्हटलं होतं. सुराची गोष्ट मला पुढे दोन वर्षांनी आमच्यात खेळणाऱ्या दातवाल्याकडून कळली.

लग्नाचंही तसंच. तलावाकाठी बाकावर बसलो होतो, तो बराच वेळ पाण्याकडे बघत होता, आणि म्हणाला, "मला असं वाटतं, की आपण दोघांनी आता." थांबला. एक, दोन, तीन, चार. मी म्हटलं, "लग्न करावं." तो जरा वेळ माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "हो." धाकटीला ही गोष्ट फार आवडते, ती सांगते की भाऊजी म्हणणार होते, आता घरी जावं, डास चावतायत. मी कधी विचारलं नाही. आधी गरज वाटली नाही आणि मग धीर झाला नाही. संसार चांगला झाला, प्रश्न त्याचा नाही. पण कधी कधी, तो झोपलेला असताना, मला वाटतं की हा माणूस माझ्या वाक्यात राहायला आलाय, आणि त्याचं स्वतःचं वाक्य अजून त्या बाकावर बसलंय.

तर दुपार व्हायच्या आत मी काय केलं, ते मोठ्या लाजेने सांगते. मी न्हाणीघराचं दार लावून घेतलं, कपडे धुवायच्या यंत्रावर कागद ठेवला, आणि एक अख्खा खेळ लिहून काढला. नकाशा, चार खोल्या, एक राक्षस, एक फितूर पुजारी. राखीव गाडी. पहिली गाडी अडकली तर दुसरी निघायला हवी, त्यात वाईट काय? तो अडखळला की मी हळूच टेबलाखालून कागद सरकवीन, त्यालाही आधार, कोणाला कळायचंही नाही. असं मी स्वतःला समजावलं. मग कागदाची घडी कमरेशी खोचली आणि बाहेर आले, तर तो जेवणाच्या टेबलाशी बसून त्याची तयारी करत होता. माझा पुठ्ठ्याचा आडोसा त्याने कपाटातून काढला होता, पुसलाही होता. कान तपासल्यावर ज्यावर आलेख काढतात त्या छापील कागदाची मागची बाजू त्याच्यासमोर होती, आणि तिच्यावर, मी मान लांब करून पाहिलं, तीन शब्द होते. विहीर. म्हातारी. ऐकू. एवढंच. मी एका खानावळीच्या पाटीवर याहून जास्त लिहिते. राखीव गाडी काढली ते बरं केलं असं मला वाटलं, आणि असं वाटल्याबद्दल वाईटही वाटलं, पण जरा कमी.

अडीचला धाकटी आली, तिच्या केसांना नेहमीसारखा तरणतलावाच्या पाण्याचा वास. ती तिथे लहान मुलांना पोहायला शिकवते आणि बाकी जगाशीही त्याच आवाजात बोलते. मागोमाग वरच्या मजल्यावरचा दातवाला आला, बिस्किटांचा पुडा घेऊन. तो दातांचा डॉक्टर असून सगळ्यात जास्त बिस्किटं तोच खातो. राज्य कोणावर आहे ते ऐकल्यावर दोघांनीही आधी घुम्याकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं, आणि दातवाल्याच्या चेहऱ्यावर हळूहळू असं हसू पसरलं की मला त्याचे दात मोजता आले. चार वर्षांपूर्वी मी त्याचं गाढव दरीत ढकललं होतं. म्हणजे मी नाही, दरड कोसळली. पण दरड मीच होते, आणि ते तो विसरलेला नाही. "या वहिनी," तो म्हणाला, "बसा आमच्यात." माझी नेहमीची खुर्ची, टेबलाच्या टोकाची, आता नवऱ्याची होती. मी बाजूच्या खुर्चीत बसले. तिचा एक पाय आखूड आहे हे मला अकरा वर्षांत माहीत नव्हतं.

मग माणूस तयार करायची वेळ आली आणि मी अडकले. मी आजवर निदान चारशे माणसं उभी केली असतील, जागच्या जागी, नावासकट, खोकल्यासकट. पण ती सगळी कोणाला तरी भेटण्यासाठी असायची. माझं स्वतःचं, जे रविवार संपल्यावरही माझंच राहील, असं एकही नव्हतं. कागदावर मी राणी लिहिलं आणि खोडलं, चेटकीण लिहिलं आणि खोडलं. धाकटी म्हणाली, ताईला आज कच्चं लिंबू घेऊ या, म्हणजे आउट झाली तरी चालेल, तिच्यावर राज्य येणार नाही. मी तिच्याकडे दुर्लक्ष केलं. शेवटी लिहिलं, टपालवाली. का, ते माहीत नाही. कदाचित टपालवालीला प्रत्येक गल्लीत स्वतःच्या पायांनी जावं लागतं म्हणून. नवऱ्याने विचारलं, पिशवीत काय आहे. मी म्हटलं पत्रं. किती? मी म्हटलं एकतीस, आणि त्याने ते गंभीरपणे लिहून घेतलं.

त्याने सुरुवात केली. आवाज त्याचाच, घरातलाच, जो मीठ मागतो. एक गाव आहे, म्हणाला, जिथे दुपार झाली की कोणी बोलत नाही. कुत्री भुंकत नाहीत, बायका धुणं आपटत नाहीत, रहाट फिरवायचाच झाला तर आधी त्याला तेल पाजतात. का, ते परक्या माणसाला कोणी सांगत नाही, कारण सांगायला बोलावं लागेल. दातवाला बिस्किट चावता चावता थांबला. मी मनात म्हटलं, बरं आहे, बरं आहे, पण गावाला नाव हवं, आणि वेशीवर एखादा पहारेकरी. आणि कमरेची घडी चाचपली. मग तो माझ्याकडे वळला. "तू म्हातारीच्या दाराशी उभी आहेस," म्हणाला. "काय करतेस?"

"दार उघडतं," मी म्हटलं.

"उघडतं?" नवऱ्याने विचारलं. मी म्हटलं, हो, करकरत, आणि आत अंधार, उदाचा वास. दातवाला इतका हसला की बिस्किटाचा भुगा आडोशाच्या पलीकडे उडाला. धाकटीने टेबलाखालून मला लाथ मारली, आणि तिची लाथ म्हणजे पोहणाऱ्या बाईची लाथ. "अगं," नवरा अगदी हळू म्हणाला, "दार उघडतं की नाही ते आज माझ्याकडे आहे. तू काय करतेस?" तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. उघडतं आणि उघडते. दोन्हींत फरक तो केवढासा. एकात दार आपलं आपण उघडतं, जगातलं सगळं जसं आपलं आपण होत असतं, अंधार पडतो, दरड कोसळते, गाढव जातं; आणि दुसऱ्यात मी उघडते. मी, माझ्या हाताने, आत काय आहे ते माहीत नसताना. अकरा वर्षं मी पहिलंच वाक्य बोलत आले. दुसरं माझ्या जिभेवर बसेना. कामावरही मी फोन उचलते तेव्हा म्हणते, नियंत्रण कक्ष बोलतोय. तो बोलतो. मी तिथे नसतेच.

"उघडते," मी म्हटलं, आणि दहावीच्या तोंडी परीक्षेनंतर प्रथमच माझे कान गरम झाले.

पुढचा अर्धा तास मी जो चोंबडेपणा केला तो सगळा सांगत बसत नाही. म्हातारीने पाटीवर लिहून काहीतरी विचारलं तर उत्तर मीच दिलं, आणि तेही म्हातारीचं. दातवाल्याने मला नम्रपणे विचारलं की वहिनी, तुम्ही म्हातारीशी बोलताय की म्हातारी तुमच्याकडून बोलतेय? मी धाकटीला तिच्या चोराने काय करावं ते सुचवलं. मी हवा कशी आहे ते जाहीर केलं. नाचता येईना अंगण वाकडं तसं खुर्चीच्या आखूड पायालाही नावं ठेवली. दर वेळी नवरा थांबायचा, मान जराशी कलती करायचा, आणि मी टाकलेलं कुठेतरी बाजूला ठेवून पुन्हा आपल्या वाटेला लागायचा. पण त्याचं थांबणं लांबत चाललं होतं. मला ते दिसत होतं, आणि तोंड मात्र थांबत नव्हतं. कोणी म्हणेल, गप्प बसायला काय पैसे पडतात? ज्याला असं वाटतं त्याने एकदा दुसऱ्याला स्वयंपाक करताना बघत उभं राहावं.

म्हातारीने आम्हाला विहिरीपाशी नेलं. दुपारी खालून आवाज येतो म्हणून गाव गप्प बसतं, एवढं आम्हाला कळलं होतं. गाव घाबरून गप्प बसत नाही, ऐकायला बसतं. हे मला सुचलं नसतं. मी राक्षस ठेवला असता. मी वाकून बघते म्हटलं, आणि त्याने मला फासा टाकायला सांगितला. आता फाशाबद्दल एक गोष्ट. मी अकरा वर्षं आडोशामागे फासा टाकत आले आणि अकरा वर्षं खोटं बोलत आले. जिवावर बेतलं की माझ्या दोनाचे बारा व्हायचे. माझ्या राज्यात कोणी मेलं नाही, गाढव सोडून, आणि तेव्हा मी खरंच रागावले होते. पण आज फासा माझ्या हातात होता आणि टेबल उघडं होतं. तो गडगडत बिस्किटांच्या बशीला लागून थांबला. दोन. मी नवऱ्याकडे पाहिलं. एक सेकंद त्याच्या डोळ्यांत तो विचार येऊन गेलेला मला दिसला, मी ओळखते ना तो विचार, माझाच आहे. मग तो म्हणाला, "दोन. तोल सावरलास. पिशवी गेली खाली." माझी एकतीस पत्रं. मी काय सांगू, मला इतका राग आला. खऱ्या बायकोचा खऱ्या नवऱ्यावर येतो तसा. नसलेल्या पिशवीतल्या, न लिहिलेल्या पत्रांसाठी माझ्या डोळ्यांत पाणी यायला लागलं आणि मी ते बिस्किटाचा ठसका लागला म्हणून खपवलं.

तर खाली जाणं आलं. मला जावं लागणार होतं, पिशवी माझी होती. त्याने सांगितलं की विहिरीच्या आत, भिंतीला धरून, पायऱ्या आहेत. धाकटी आणि दातवाला वर दोर धरून थांबले. नवऱ्याने डोळे जरा बारीक केले. "पायऱ्या," तो म्हणाला, आणि थांबला. एक, दोन. दातवाल्याने कप उचलला. तीन, चार. पाच. माझ्या आतल्या आठही टेबलांवरचे फोन खणखणायला लागले. सहा, सात. त्याचा हात कागदावर होता, कागदावर तीनच शब्द होते, आणि त्यात पायऱ्या नव्हत्या, हे मला माहीत होतं. आठ. नऊ.

"ओल्या आहेत," मी म्हटलं. "शेवाळलेल्या. पाय सटकतो."

तो माझ्याकडे वळला. मान डोलावली. "हो," म्हणाला, "ओल्या." आणि त्याने कागदाची एक घडी घातली, मग दुसरी. त्या तलावाकाठच्या बाकावर त्याचा चेहरा कसा झाला होता ते मला तेव्हा दिसलं नव्हतं, मी फार खुशीत होते. आता दिसला. राग नाही, दुःखही नाही. सोपं वाटल्यासारखा. जड पिशवी कोणीतरी हातातून घेतली की माणूस नको नको म्हणत सोडतो, तसा. पुठ्ठ्याचा आडोसा त्याने दोन्ही हातांनी उचलला आणि टेबलावरून माझ्याकडे सरकवला. "तूच सांग पुढचं," म्हणाला. "तुला जमतं. आता तर रंगलंही आहे." त्यात टोमणा नव्हता, आणि असता तर मला फार बरं वाटलं असतं.

आडोशाच्या आतल्या बाजूला माझ्या अक्षरातल्या अकरा वर्षांच्या टिपा होत्या. कोणाला काय लागेल, कोण कुठे चुकतो, कुऱ्हाडवाल्याला जास्त बोलायला लावू नये. कुऱ्हाडवाला म्हणजे नवरा, आणि ती शेवटची टीप आज सकाळी त्याने आडोसा पुसताना वाचली असणार. मी कमरेची घडी काढली. धाकटीला वाटलं मी सुरू करतेय; तिने सुस्कारा टाकून पेन्सिल उचलली. मी ती घडी चहात बुडवली. ते जरा नाटकी झालं, आणि चहाही वाया गेला, पण दुसरं काही सुचेना. मग आडोसा परत ढकलला.

"ओल्या नाहीयेत," मी म्हटलं. "म्हणजे, मला माहीत नाही. मी खोटं बोलले. मी वर उभी आहे आणि मला खालचं काही दिसत नाही. तुला दिसतंय. तू सांग."

"तू म्हणालीस ते चाललं असतं," तो म्हणाला.

"मला नको चालायला," मी म्हटलं. आवाज फुटला, तो कोणीही बिस्किटावर ढकलू शकलं नसतं. "मला तुझ्या पायऱ्या हव्यात. कशा आहेत?"

मग जे थांबणं झालं ते मी मोजलं नाही. म्हणजे नऊपर्यंत मोजलं आणि मग मोजणं हातातून सुटलं. दातवाल्याने कप तसाच अधांतरी धरला होता. खाली रस्त्यावर कोणीतरी गाडी मागे घेत होतं. मी ओठ दातांत धरून नवऱ्याकडे बघत राहिले, आणि एकोणीस वर्षांत पहिल्यांदा त्याच्या गप्प बसण्याकडे शेवटपर्यंत बघितलं. तो अडकलेला नव्हता. शब्द शोधत नव्हता. त्याची बुबुळं सावकाश खाली सरकत होती, डावीकडून उजवीकडे, एकेक करून. माणूस पायऱ्या बघत होता. त्याला दिसायला वेळ लागतो, एवढंच होतं. एवढंच असायचं, दर वेळी, आणि दर वेळी मी दिवा घालवून म्हणत आले, झालं ना बघून?

"कोरड्या आहेत," तो म्हणाला. "पाणी नाहीच विहिरीत. खूप वर्षं नाही. पायऱ्यांच्या मधोमध खळगे पडलेत. कोणीतरी रोज जात असणार, खाली. एका वेळी एकच माणूस मावेल एवढ्या रुंद." धाकटी म्हणाली, बाप रे. ती असं म्हणत नाही सहसा. त्याने घडी घातलेला कागद उलगडला आणि हाताने सपाट केला.

मी विचारलं, खाली काय आहे. मला वाटलं तो सांगणार नाही; राज्य असलेल्याने असं सांगायचं नसतं, मी तर कधीच सांगितलं नाही. पण तो म्हणाला, "मला माहीत नाही."

"म्हणजे ठरवलं नाहीस?"

"नाही. आवाज आहे, एवढंच मला ऐकू येतं. तू उतरशील तसं मला दिसेल. दोघांना एकदमच कळेल."

दातवाला काहीतरी बोलणार होता, धाकटीने त्याच्या तोंडात बिस्किट घातलं. मी काठावर बसले होते, आखूड पायाच्या खुर्चीवर. मी माणसांना आगीत पाठवलंय, पुरात पाठवलंय, आणि प्रत्येक वेळी आधी नकाशा पाहिलाय. माहीत नसलेल्या जागी मी कोणाला कधी पाठवलं नाही, आणि स्वतः तर कुठेच गेले नाही. समोर माझा नवरा कान तपासताना बसतो तसा बसला होता, जराही घाई नसलेला, बोट कधी वर होतंय ते बघत. त्याने विचारलं, काय करतेस. मी तोंड उघडलं आणि आलं ते भलतंच.

"मला भीती वाटते," मी म्हटलं.

"कोणाला? टपालवालीला?"

"नाही," मी म्हटलं. "मला."

तो हसला नाही. समजूतही घातली नाही, हात धरू का म्हणाला नाही. पेन्सिल उचलून त्याने ते लिहून घेतलं, आपल्या तीन शब्दांखाली, एकतीस पत्रांच्या शेजारी, जसं गावातलं एखादं घर असावं. मग पेन्सिल खाली ठेवली. "बरं," म्हणाला. "पहिली पायरी तुझ्या उजव्या पायाशी आहे." आणि थांबला, आणि मीही थांबले, आणि कोणी काही पुरं केलं नाही. मग खुर्चीत बसल्या बसल्या, टेबलाखाली, कोणाला दिसत नाही अशा बेताने, मी उजवा पाय उचलला.